दुर्वासांचे वकीलपत्र

प्रेमकथेतील पात्रांपैकी वकिलाची सर्वाधिक गरज कोणाला पडते, असे विचारले तर उत्तर खलनायक असे येत नाही. कारण त्याला शिक्षा व्हावी याविषयी लेखक, वाचक आणि पुष्कळदा स्वतः खलनायक अशा तिघांचेही एकमत असते. वकील लागतो तो क्रूर नायकाला. क्रूर नायक म्हणजे ज्याच्यावर नायिकेचा जीव जडलेला आहे, ज्याने त्या प्रेमाची चारचौघांत शोभा केलेली आहे आणि तरीही शेवटच्या पानावर नायिकेने त्याच्याच गळ्यात माळ घालावी असे वाचकाला मनोमन वाटते, असा पुरुष. आपल्याला असे वाटते याची वाचकाला थोडी लाजही वाटत असते, म्हणून तो कारणे हुडकू लागतो: त्याचे बालपण हलाखीत गेले असेल, त्याच्या काळजावर एखादा जुना घाव असेल, त्याला कोणी समजूनच घेतले नसेल. घरमालकाने अनामत रक्कम बुडवली तर त्याच्या बालपणाची चौकशी करायला कोणी जात नाही. कथेतल्या देखण्या अपराध्याला मात्र ही सवलत अर्ज न करताच मिळते.

या सवलतीचा अभ्यास करण्यासाठी राजा दुष्यंताच्या प्रकरणाइतके सोयीचे प्रकरण दुसरे नाही, कारण त्याचे दोन स्वतंत्र जबाब उपलब्ध आहेत: एक महाभारताच्या आदिपर्वातला आणि दुसरा कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या सात अंकी नाटकातला. पहिल्या जबाबात आरोपी गुन्हा कबूल करतो. दुसऱ्यापर्यंत त्याला वकील मिळालेला आहे.

आदिपर्वातली शकुंतला भाबडी मुलगी नव्हे. तिचे पालक पिता कण्व ऋषी फळे आणायला गेलेले असताना आश्रमात आलेला राजा गांधर्वविवाहाचा, म्हणजे वडीलधारे, पुरोहित आणि मुहूर्त यांना फाटा देऊन केवळ दोघांच्या संमतीने होणाऱ्या विवाहाचा, प्रस्ताव मांडतो, तेव्हा ती आधी अट घालते: होणारा मुलगा युवराज झाला पाहिजे. राजा फारसा विचार न करता होकार भरतो, चतुरंग सेना पाठवून तुला थाटामाटात नेईन असे आश्वासन देतो आणि निघून जातो. पुढे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांपैकी एकही अंग आश्रमाकडे फिरकत नाही, आणि दरम्यान जन्मलेला मुलगा सहा वर्षांचा होऊन सिंह-वाघांना झाडांशी बांधण्याइतका धट्टाकट्टा होतो. अखेर शकुंतला त्याला घेऊन हस्तिनापूरला येते, तेव्हा राजाला सारे काही आठवत असल्याचे निवेदक आधी वाचकाला स्वच्छ सांगून टाकतो आणि मगच राजाच्या तोंडून आपल्याला काहीही आठवत नसल्याचे वदवतो. बचाव पक्षाच्या दृष्टीने याहून घातक वाक्यरचना शोधून सापडणार नाही.

राजा तेवढ्यावर थांबत नाही. शकुंतलेला तो दुष्ट तापसी ठरवतो, तिच्या आईचा, म्हणजे अप्सरा मेनकेचा, व्यवसाय काढतो आणि वडील विश्वामित्र यांच्या संयमाबद्दलही चार शब्द सुनावतो. शकुंतला मात्र रडत बसण्याऐवजी भर सभेत त्याला धर्मशास्त्र शिकवते; दुसऱ्यांचे मोहरीएवढे दोष दिसणाऱ्या राजाला स्वतःचे बेलफळाएवढे दोष दिसत नाहीत, हे त्याच्या तोंडावर सांगते आणि कुळाचाच हिशेब मांडायचा तर आपले कूळ त्याच्यापेक्षा वरचढ असल्याचेही ऐकवते. शेवटी आकाशवाणी होऊन मुलगा राजाचाच असल्याचा निर्वाळा मिळतो, आणि राजा प्रसन्न होऊन सांगतो की त्याला हे सगळे ठाऊकच होते. केवळ तिच्या शब्दावर मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनी संशय घेतला असता, म्हणून हा प्रपंच. यानंतर तो जे करतो, त्याला जगाच्या प्रेमवाङ्मयात तोड सापडणे कठीण: शकुंतला रागाच्या भरात त्याला जे लागट बोलली, त्याबद्दल तो तिला उदार अंतःकरणाने क्षमा करतो. क्रूर प्रियकराला क्षमा करावी की नाही, हा प्रश्न आदिपर्वात उपस्थितच होत नाही. तेथे क्षमेचे वाटप आरोपीच्याच हातून होते.

कालिदासापुढची अडचण येथूनच सुरू झाली. संस्कृत नाट्यशास्त्रात 'नाटक' या प्रकाराची कथा प्रख्यात, म्हणजे लोकांना आधीपासून ठाऊक असलेली, असावी लागते आणि तिचा नायक धीरोदात्त, म्हणजे गंभीर, क्षमाशील, आत्मस्तुती न करणारा आणि दिलेल्या शब्दाला जागणारा, असावा लागतो. दुष्यंताची कथा प्रख्यात होती यात शंका नाही. नेमकी तीच पंचाईत होती. पुढे दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' या ग्रंथात यावरचा उपाय नियम म्हणून नोंदवला: मूळ कथेत नायकाला किंवा रसाला न शोभणारे जे काही असेल, ते गाळावे किंवा बदलून घ्यावे. नायकांच्या प्रतिमा उजळून देण्याच्या उद्योगाला मिळालेली ही शास्त्रीय सनद. नायकाने खोटे बोलू नये असा उपदेश हा नियम नायकाला करत नाही. नायक खोटे बोलला असल्यास ते नाटकात येऊ देऊ नये, असा व्यवहारी सल्ला तो नाटककाराला देतो.

कालिदासाने गाळण्यापेक्षा बदलण्याचा मार्ग पत्करला आणि त्यासाठी दुर्वास ऋषींना पाचारण केले. चौथ्या अंकाच्या आरंभी प्रियकराच्या विचारात गढून गेलेल्या शकुंतलेला दारी आलेल्या दुर्वासांची हाक ऐकू येत नाही, आणि ज्याच्या चिंतनात तू बुडाली आहेस तो तुला विसरून जाईल, असा शाप देऊन ते चालू लागतात. शकुंतलेची मैत्रीण प्रियंवदा हिने मनधरणी केल्यावर ओळखीचा दागिना पाहताच शाप सरेल, असा उःशापही, म्हणजे शापातून सुटण्याची वाटही, मिळते. अतिथीची उपेक्षा झाल्याबद्दल शकुंतलेला शिक्षा आणि त्याच शिक्षेने दुष्यंताची निर्दोष सुटका, अशा एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्या या युक्तीचे काश्मीरच्या कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' या ग्रंथात कौतुक केले आहे. मूळ कथेत नसलेला प्रसंग नव्याने घालून नायकाचे शील कसे राखावे, याचा तो नमुना मानला गेला.

बचाव म्हणून हा शाप खरोखरच बिनतोड आहे. त्याच्या योगाने अपराध इतक्या हातांत विभागला जातो की आरोपीच्या वाट्याला चिमूटभरही उरत नाही. दोष दुर्वासांच्या शीघ्रकोपीपणाचा आहे, शकुंतलेच्या तंद्रीचा आहे, मैत्रिणीला धक्का बसू नये म्हणून शापाची बातमी दडवून ठेवणाऱ्या अनसूया-प्रियंवदांचा आहे, खुणेची अंगठी शकुंतलेच्या बोटातून जिथे निसटली त्या शचीतीर्थाच्या पाण्याचा आहे, आणि ती गिळणाऱ्या रोहित माशाचा तर आहेच. वेळेचा हिशेबही चोख जमलेला आहे. निरोप घेताना राजाने शकुंतलेच्या बोटात अंगठी घालून सांगितले होते की तिच्यावर कोरलेल्या नावाचे रोज एक अक्षर मोजावे, अक्षरे संपेपर्यंत न्यायला माणूस येईल. दुष्यंत या नावाची अक्षरे तीन. एवढ्या थोडक्या मुदतीत दिलेला शब्द पाळणे भाग होते, आणि म्हणूनच शापही तितक्याच तातडीने, राजा राजधानीत पोहोचतो न पोहोचतो तोच, येऊन आदळणे आवश्यक होते. चार दिवस उशीर झाला असता तर दुर्वासांचा सारा क्रोध फुकट गेला असता.

तथापि कालिदास हा वकिलापेक्षा मोठा कवी असल्यामुळे त्याने आपल्याच बचावात जागोजागी फटी ठेवल्या आहेत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी विदूषक माधव्याला राजधानीत परत पाठवताना, हा बडबड्या गडी अंतःपुरात काही बरळेल या भीतीने, राजा शकुंतलेचे सगळे प्रकरण थट्टेचे होते असे त्याला सांगून ठेवतो. तेव्हा शाप झालेला नाही, शापाचे नावही नाही. राजाची स्मरणशक्ती ठणठणीत आहे आणि तिचाच उपयोग करून तो एकमेव साक्षीदाराला फितवतो आहे. सहाव्या अंकात स्मृती परतल्यावर तोच राजा माधव्याला विचारतो की तू तरी आठवण का करून दिली नाहीस. त्यावर माधव्य सांगतो की तुम्हीच थट्टा म्हणालात आणि माझ्या मातीच्या गोळ्यासारख्या बुद्धीला ते खरे वाटले. उलटतपासणीत साक्षीदाराने दिलेले इतके नम्र आणि इतके जिव्हारी लागणारे उत्तर विरळाच.

दुसरी फट अनसूयेच्या तोंडी आहे. राजा नगरात परतला, अंतःपुरात शिरला, आता त्याला इथले काही आठवेल की नाही, अशी शंका ती चौथ्या अंकाच्या आरंभी प्रियंवदेजवळ बोलून दाखवते. दुर्वासांची हाक त्यानंतर ऐकू येते. म्हणजे नायकाच्या स्वभावाचा अंदाज मैत्रिणीला आधी येतो आणि शाप मागाहून पोहोचतो. तिसरी फट पाचव्या अंकाच्या सुरुवातीला आहे. तेथे हंसपदिका नावाची राणी पडद्याआडून एक गाणे गाते. एका फुलात रमलेला भ्रमर आधीच्या मोहराला विसरला, असा त्या गाण्याचा आशय आहे. राजाला आशय पुरता समजतो, तिच्यावर आपण एकदाच प्रेम केल्याचे तो मान्यही करतो आणि तिची समजूत काढायला स्वतः न जाता माधव्याला पाठवतो. हंसपदिकेला कोणत्याही ऋषीने शाप दिलेला नव्हता. शापाने जे घडवून आणले त्याचे बीज राजाच्या स्वभावातच होते, हे कवीने या गाण्यातून सुचवले असल्याचे रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या शकुंतलेवरील निबंधात दाखवून दिले आहे.

याहून मोठी अडचण पाचव्या अंकातल्या राजसभेत शकुंतलेला नाकारताना राजा जी भाषा वापरतो तिची आहे. शापाची कलमे नीट वाचली तर त्यांत केवळ विस्मरणाची तरतूद आढळते. उद्धटपणाची आढळत नाही. गर्भवती स्त्रीला ओळख न पटल्यामुळे नाकारणे ही एक गोष्ट, आणि कोकिळा आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते असा दाखला देऊन समस्त स्त्रीजात उपजतच लबाड असल्याचे भर सभेत सुनावणे ही वेगळी गोष्ट. दीर्घापांग नावाच्या हरणाच्या पाडसाने राजाच्या हातचे पाणी न पिता आपल्या हातचे कसे प्यायले, ही दोघांचीच आठवण शकुंतला काकुळतीने सांगते, तेव्हा राजा त्यावरही टोमणा मारतो. दुर्वासांनी त्याची स्मृती नेली होती. जीभ त्याची स्वतःची होती. शकुंतलेने त्याला अनार्य म्हटले आणि गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा दिली, ती या जिभेला उद्देशून, आणि नाटकातल्या कोणत्याही ऋषीने ती उपमा पुढे रद्दबातल ठरवलेली नाही.

सहाव्या अंकात अंगठी सापडते आणि पश्चात्तापाला सुरुवात होते. पश्चात्ताप, म्हणजे केलेल्या कृत्याची मागाहून होणारी जळजळ, हा क्रूर नायकाच्या उद्धाराचा जगन्मान्य टप्पा आहे. पण राजाचा पश्चात्ताप हा एकट्याने करण्याचा विषय नसतो, त्यासाठी साऱ्या राज्याला कामाला लागावे लागते. नगरातला वसंतोत्सव बंद होतो. राजा शकुंतलेचे चित्र काढतो, चित्रातल्या भुंग्याला दमदाटी करतो आणि तिच्या बोटातून निसटल्याबद्दल अंगठीची खरडपट्टी काढतो. अंगठीने यातले काहीही मनावर घेतल्याचा उल्लेख नाही. हा सगळा शोक व्यर्थ जाऊ नये म्हणून कालिदासाने सानुमती नावाची अप्सरा अदृश्य रूपात जवळच उभी केली आहे. ती शकुंतलेच्या माहेरची माणूस असून राजाचे अश्रू खरे आहेत की नाहीत, याचा प्रत्यक्ष पाहणी अहवाल तिला वर द्यायचा आहे. क्रूर नायकाच्या पश्चात्तापाची तपासणी पीडित पक्षाकडून करवून घेण्याची ही पद्धत पुढच्या काळात मागे पडली, ही खेदाची गोष्ट मानावी लागेल.

या अंगठीच्या प्रकरणात प्रत्यक्ष मार फक्त एकाच माणसाला बसला, तो म्हणजे अंगठी शोधून देणारा कोळी. माशाच्या पोटातली राजमुद्रा विकायला काढल्याबद्दल सूचक आणि जानुक हे दोन शिपाई त्याला बांधून आणतात, वाटेत झोडपतात, आणि त्याला ठार मारण्याच्या कल्पनेने त्यांचे हात शिवशिवू लागतात. राजाकडून अंगठीच्या किमतीइतके बक्षीस आल्यावर कोळी त्यातले अर्धे शिपायांना देऊन टाकतो, आणि लगेच राजाचा मेहुणा असलेला कोतवाल त्याला जिवलग मित्र मानून सगळ्यांसह दारूच्या गुत्त्याकडे वळवतो. राजाने पत्नी नाकारली तर त्यामागचा शाप शोधला जातो, कोळ्याने मासा चिरला तर त्यामागची चोरी शोधली जाते. क्षमेची भाषा कोणासाठी राखून ठेवलेली असते, हे कालिदासाने या छोट्या प्रवेशकात, म्हणजे दोन अंकांना जोडणाऱ्या दुय्यम पात्रांच्या दृश्यात, हसतहसत सांगून टाकले आहे.

मराठी रंगभूमीचा या खटल्याशी असलेला संबंध मोठा मौजेचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा नाटकाचे पहिले चारच अंक सादर झाले. शाप होऊन गेला होता, कण्वांनी मुलीची पाठवणीही केली होती, आणि राजसभेतला पाचवा अंक अद्याप व्हायचा होता. म्हणजे मराठी संगीत नाटकाचा आरंभ झाला त्या रात्री दुष्यंत पूर्णपणे निष्कलंक अवस्थेत घरी गेला. पुढे सातही अंक होऊ लागले, पण चाली इतक्या गोड होत्या की राजाने कोणाला नाकारले यापेक्षा नाकारली गेलेली गाते कशी, याकडे प्रेक्षकांचे लक्ष अधिक असावे. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतलेच्याच भूमिकेत किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर उभे राहिले, तेव्हापासून तर दुष्यंताकडे पाहायला कोणाला फुरसत मिळाली असेल असे वाटत नाही. व्ही. शांताराम यांनी ही कथा दोनदा पडद्यावर आणली, १९४३ मध्ये 'शकुंतला' आणि १९६१ मध्ये 'स्त्री' या नावाने. दुसऱ्या खेपेस दुष्यंताची भूमिका त्यांनी वयाच्या साठीच्या सुमारास स्वतःच केली, त्यामुळे त्या दुष्यंताच्या विस्मरणासाठी दुर्वासांची निकड पूर्वीइतकी राहिली नव्हती.

शापाची पद्धत पुढे जुनाट झाली, पण बचावाचे तंत्र टिकून राहिले. हिंदी चित्रपटांनी शापाच्या जागी डोक्याला बसणारा मार आणला, ज्याने स्मृती जाते आणि तशाच दुसऱ्या माराने ती परत येते. इंग्रजी कादंबरीकारांनी देहदंडाचा मार्ग निवडला: शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या १८४७ च्या कादंबरीत पहिली बायको माळ्यावर कोंडून दुसरे लग्न करायला निघालेल्या रॉचेस्टरला आगीत एक हात आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमवावी लागते, मगच जेन त्याच्याशी लग्न करते आणि मग एका डोळ्याची दृष्टी थोडीफार परत येते. त्याच वर्षी तिची बहीण एमिली हिने 'वुदरिंग हाइट्स'मध्ये उलट प्रयोग केला. तिचा हीथक्लिफ पळून जाण्याच्या रात्रीच नववधू इझाबेलाचा कुत्रा टांगतो आणि वर, आपल्याला प्रेमकथेचा नायक समजल्याबद्दल इझाबेलाचीच टर उडवतो. आरोपी इतक्या स्पष्टपणे वकील नाकारत असूनही पावणेदोनशे वर्षे वाचक त्याचे वकीलपत्र घेऊन उभे आहेत. दुष्यंताला एक दुर्वास पुरले, हीथक्लिफला दर पिढीत हजारो लागतात.

आता मुख्य प्रश्न: अशा नायकाला क्षमा मिळावी काय? याचे उत्तर सातव्या अंकातल्या घटनाक्रमात आहे, आणि घाईने वाचणाऱ्याच्या ते हातून निसटते. हेमकूट पर्वतावर मारीच ऋषींच्या आश्रमात राजाला सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा मुलगा भेटतो. राजा त्याला पुत्र म्हणून जवळ घेऊ लागताच तो ठणकावतो की माझे वडील दुष्यंत आहेत, तू नव्हेस. मळकी वस्त्रे आणि एकवेणी अशा विरहिणीच्या वेषात शकुंतला येते. हा कोण, असे मुलाने विचारल्यावर ती त्याला आपल्या नशिबाला विचारायला सांगते. राजा तिच्या पायांवर डोके ठेवतो, आणि ती त्याला उठवते. माझ्याच पूर्वकर्माचे हे फळ असावे, असे म्हणते. या क्षणापर्यंत शापाविषयी तिला काहीही ठाऊक नाही. मैत्रिणींनी सांगितलेले नाही, मारीच ऋषींनी अद्याप सांगायचे आहे. तिच्या लेखी समोरचा पुरुष ओळख असूनही ओळख नाकारणारा, गवताने झाकलेली विहीरच आहे, आणि तरीही ती त्याला उठवते.

त्यानंतर राजा तीच अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो, आणि शकुंतला नकार देते: या अंगठीवर आता विश्वास नाही, ती आपणच घालावी. क्षमा झाली, पण खुणेच्या दागिन्यावरचा भरवसा परत आला नाही. शकुंतलेने हे दोन व्यवहार वेगळे ठेवले, आणि राजाने आपला कारभार यापुढे स्वतःच्या बोटाने सांभाळावा अशी व्यवस्था केली. मारीच ऋषी शापाची हकीकत सांगतात ते या सगळ्यानंतर. ती ऐकून राजा लोकापवादातून सुटल्याचा निःश्वास टाकतो, आणि शकुंतलेलाही नवऱ्याने आपल्याला विनाकारण टाकले नव्हते हे कळून बरे वाटते. पण कागदपत्रांच्या दृष्टीने निकाल आधीच लागलेला होता. शकुंतलेने क्षमा केली ती अपराधी माणसाला. निर्दोष दुष्यंत तिला मागाहून मिळाला, आणि निर्दोष माणसाला क्षमेची गरजच नसते.

म्हणून क्रूर नायकाच्या कैवाऱ्यांनी सहसा होणारी गल्लत टाळावी. बालपण, घाव, शाप, डोक्याचा मार यांपैकी काहीही सिद्ध झाले तरी त्यातून फार तर सुटका मिळते, आणि ती देणे लेखकाच्या हाती असते. नायकाला न शोभणारे बदलून घेण्याची परवानगी त्याला धनंजयाने दिलेलीच आहे. क्षमा ही नायिकेच्या अखत्यारीतली बाब असून ती तिने द्यावी, रोखून धरावी किंवा दिल्यावरही अंगठी परत करावी. तिला यांपैकी काहीही करण्याची मोकळीक ज्या कथेत आहे, त्याच कथेत नायकाच्या उद्धाराला काही किंमत उरते. जेथे तिला रडून मिठीत शिरण्यापलीकडे काम ठेवलेले नसते, तेथे नायकाने कितीही अश्रू ढाळले तरी त्याला क्षमा मिळालेली नसते, फक्त प्रकाशकाची संमती मिळालेली असते. वाचकाने वकीलपत्र खुशाल घ्यावे. मात्र खटला चालू असताना न्यायाधीशाच्या खुर्चीत नायिका बसली आहे की नाही, एवढे तरी एकदा पाहून घ्यावे.